उतारवयात हृदयाचे आरोग्य : पाण्याची पाळी आणि वाफसा



या पानावर आम्ही दर वेळी लागण, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, बांधणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळी उसाविषयी न लिहिता ऊस लावणाऱ्या माणसाविषयी लिहावयाचे ठरविले आहे. शेतकी खात्याच्या माणसाने डॉक्टरकीच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण घडले ते आधी सांगतो.

पिंपळनेर गटातील आपले एक ज्येष्ठ सभासद आहेत. वय चौसष्ट. नाव लिहीत नाही, आपण त्यांना नाना म्हणू. तरुणपणी नाना युरियाची गोणी खांद्यावर टाकून बांधाबांधाने फडाच्या पार टोकाला नेत. वयाच्या तिशीपर्यंत दर चैत्री पौर्णिमेला पायी वणीच्या गडावर जात. पुढे मोटारसायकल आली, ठिबक आले, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, आणि गडावर जाणे जीपने होऊ लागले. गेल्या चैत्रात गावातली तरुण मुले पायी निघाली तेव्हा नानांनाही हुरूप आला. "आम्ही नाही का गेलो पूर्वी?" म्हणाले आणि निघाले. तयारी काही नाही. आदल्या आठवड्यात एक मैलसुद्धा चालले नव्हते.

शेलबारी घाटाच्या चढावर त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. घाम फुटला. नाना म्हणाले, पित्त झाले असेल. झाडाखाली बसले, सोडा घेतला, ओवा चावला. असे तीन तास गेले. शेवटी बरोबरच्या एका मुलाने कोणाचे न ऐकता त्यांना गाडीत घातले आणि धुळ्याला नेले. जीव वाचला. बंद झालेली रक्तवाहिनी उघडून तीत जाळीची नळी बसविली. परंतु उशीर झाल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला.

दसऱ्याच्या सुमारास नाना आमच्या गट कार्यालयात आले आणि म्हणाले, "साहेब, येत्या चैत्रात मला गडावर जाता येईल का?" आम्ही काय उत्तर देणार? आम्ही कृषी पदविकाधारक माणूस. परंतु प्रश्न मनातून जाईना. त्यांच्या डॉक्टरांना भेटलो, आणखी दोघा जाणकारांशी बोललो, मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते येथे देत आहोत. आता मार्गशीर्ष चालू आहे. चैत्री पौर्णिमेला चार महिने आहेत. ज्यांना पायी जायचे आहे त्यांनी आणि ज्यांना कुठेच जायचे नाही त्यांनीही हे लक्ष देऊन वाचावे.

आम्हाला व्यायाम कशाला?

आम्ही हा विषय काढला की गावोगाव एकच उत्तर मिळते, "भाऊ, आम्ही वावरमा राबणारा मानसे. आम्हले व्यायाम कसाले?"

वरवर पाहता ते खरे वाटते. म्हणून आम्ही प्रथम स्वतःचीच मोजणी केली. आमचे वय पंचेचाळीस. गळिताच्या दिवसांत रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतो, रात्री अंग मोडून येते. एका दिवशी मुद्दाम हिशेब ठेवला. दिवसभरात चौदा प्लॉट पाहिले आणि पायी चाललो ते सगळे मिळून एक किलोमीटरही भरले नाही. बाकी सारे मोटारसायकलने. त्याच दिवशी देशशिरवाड्याकडे एक चारी ओलांडून वर चढताना आम्हाला दम लागला, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. शरीर थकते म्हणजे हृदयाला व्यायाम होतो, असे मुळीच नाही. रस्त्याच्या खड्ड्यांनीही शरीर थकते.

लंडन शहरात दुमजली बसगाड्या असत. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून गाडी हाकीत. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करीत. दोघे एकाच खात्यातले, एकाच रस्त्यावरचे. तरी हृदयविकार ड्रायव्हर लोकांत जास्त आढळला. कंडक्टरांना तो कमी झाला, आणि झाला तेव्हा उशिरा व सौम्य झाला. आता आपणच विचार करावा. पूर्वी आपण कंडक्टर होतो. आज आपल्यापैकी बहुतेक जण ड्रायव्हर झाले आहेत.

राहिला प्रश्न खरोखर राबणाऱ्यांचा. त्याचेही उत्तर सरळ नाही. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली व ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. जे फावल्या वेळात व्यायाम करीत त्यांच्यात हृदयविकार कमी दिसला. ज्यांचे पोटापाण्याचे काम अंगमेहनतीचे त्यांच्यात मात्र तो कमी न दिसता जास्त दिसला. याच्या कारणांविषयी तज्ज्ञांत चर्चा आहे. एक कारण असे सांगतात, की ओझे उचलणे, तासन् तास वाकून राहणे आणि मध्ये पुरेशी विश्रांती न मिळणे यांत रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, परंतु हृदयाला ताकद येईल असा ताण आणि मग पूर्ण उसंत, असे घडत नाही. उन्हात दिवसभर कोयता चालविणारा तोडणी कामगार आणि रात्रीच्या लाइटीला बारे धरणारा शेतकरी यांनी हे ध्यानात ठेवावे.

हृदय कसे वाढते

हृदय ही एक मोटार आहे, पण मांसाची मोटार आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरविते. लोखंडी मोटार जितकी चालवाल तितकी झिजते. मांसाची मोटार बेताने चालविली तर बळकट होते. बळकट झालेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून तेवढ्याच कामाला त्याला कमी ठोके पुरतात. ठोके पंचाहत्तरवरून साठावर आले तर दिवसाला एकवीस हजार सहाशे ठोक्यांची बचत होते.

वय वाढते तशा रक्तवाहिन्या कडक होतात आणि हृदयाची भिंतही ताठर होते. जुन्या पाइपलाइनीत आतून थर बसला की मोटारीला जास्त जोर लावावा लागतो, तसेच हे. दम साधारणपणे दर दहा वर्षांत एक दशांशाने घटतो. परंतु ही सारी घट वयामुळे होत नाही. बरीचशी बसून राहिल्यामुळे होते.

त्याचा एक नमुना ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत डॅलस शहरी १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहावयास लावले आणि त्यांच्या हृदयाची व दमाची ताकद मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. पन्नाशीला आलेल्या त्या माणसांची ताकद तीस वर्षांच्या वयाने जितकी घटली होती, त्याहून जास्त ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने घटली होती! मग त्यांना सहा महिने बेताबेताने व्यायाम दिला, तेव्हा तीस वर्षांत गेलेला दम परत आला. माणसे पाचच होती हे खरे, पण गोष्ट डोळे उघडणारी आहे.

आता मुख्य मुद्दा. हृदयाला ताकद केव्हा येते? ताण दिला की येते, हे अर्धेच उत्तर आहे. उसाला पाणी दिले म्हणजे ऊस वाढतो काय? आपण सर्व जाणता, की पाणी दिल्यावर जमिनीला वाफसा यावा लागतो. मुळाला ओल हवी तशी हवाही हवी. वाफसा न येऊ देता पाण्यावर पाणी दिले तर मुळे कुजतात. पाणीच दिले नाही तर ऊस वाळतो. हृदयाचे असेच आहे. ताण म्हणजे पाण्याची पाळी, उसंत म्हणजे वाफसा. पाळी आणि वाफसा, पाळी आणि वाफसा, या क्रमानेच ताकद वाढते. नानांनी तीस वर्षे पाणी दिले नाही आणि एका दिवसात पाट फोडला. त्याचा परिणाम आपण पाहिला.

तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश

जपानमध्ये मात्सुमोतो गावी शिन्शू विद्यापीठ आहे. तेथील लोकांनी साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांवर चालण्याच्या पद्धतीचा प्रयोग केला व तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काही जण एकाच मध्यम चालीने आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस आठ हजार पावले चालले. काही जण तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच किंवा अधिक पाळ्या आठवड्यातून चार दिवस करीत. पाच महिन्यांनी पाहिले तर पाळीने चालणाऱ्यांचा दम व मांड्यांची ताकद स्पष्टपणे वाढली होती आणि रक्तदाबही जास्त उतरला होता. एकाच चालीने चालणाऱ्यांना तितका फायदा मिळाला नाही. या पद्धतीला यंत्र नको, पैसा नको, मैदान नको. आपल्या बांधावर ती होऊ शकते. म्हणून आमच्या मते आपल्या सभासदांना ही सर्वांत सोयीची आहे.

नॉर्वे देशात याहून कडक पद्धत आहे. चार मिनिटे जोराचा व्यायाम व मध्ये तीन मिनिटे हलकी हालचाल, अशा चार पाळ्या. तेथील ट्रॉनहेम शहरात सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या पंधराशेहून अधिक लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२० साली आला. कडक व्यायाम करणारे, मध्यम व्यायाम करणारे आणि सरकारी सल्ल्याप्रमाणे हिंडते-फिरते राहिलेले, या तिन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण कमीच राहिले आणि गटागटांत निर्विवाद फरक ठरला नाही. आम्ही याचा बोध असा घेतो, की उतारवयात हालते राहणे हेच मोठे. जोराच्या व्यायामाने दम वाढतो, पण जिवाची बाजी लावून तो करण्याची गरज नाही. कडक पद्धत डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज कोणी करू नये.

आणखी एक गोष्ट पन्नाशीतल्या सभासदांसाठी. डॅलसच्याच संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले, की पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या, बसून काम करणाऱ्या पण निरोगी माणसांनी दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला, त्यात काही दिवस जोराचा, तर ताठर होऊ लागलेले हृदय पुन्हा मऊ होते. पासष्टीनंतर सुरुवात करणाऱ्यांचा दम वाढतो, ताकद वाढते, पण हृदयाचा तो ताठरपणा फारसा जात नाही, असे त्यांच्याच आधीच्या कामात दिसले होते. तेव्हा लागणीची वेळ साधावी. सुरूची लागण उशिरा झाली तर ऊस येतो, पण वजन कमी भरते.

दमाची आणेवारी

झपझप म्हणजे किती? हे प्रत्येकाचे वेगळे असते. स्वीडनमधील गुन्नार बोर्ग यांनी माणसाला स्वतःला किती दमल्यासारखे वाटते यावरून गुण देण्याची रीत बसविली, ती आज जगभर वापरतात. आपण तिला आपल्या रीतीने दमाची आणेवारी म्हणू. अगदी स्वस्थ बसणे म्हणजे शून्य आणे, जीव जाईल असा दम म्हणजे सोळा आणे.

सावकाश चाल पाच-सहा आण्यांची असावी. या चालीत गप्पा मारता येतात. झपझप चाल दहा-अकरा आण्यांची. या चालीत चार-पाच शब्दांचे वाक्य बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही. एक शब्दही धड निघेना तर तुम्ही चौदा आण्यांवर गेलात, लगेच सावकाश व्हा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात. अशांनी नाडी मोजून चालीचा अंदाज बांधू नये, आणेवारीवरच चालावे.

बारा आठवड्यांचा कार्यक्रम

पहिला व दुसरा आठवडा : सपाट रस्त्यावर सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, पाच-सहा आण्यांची चाल. याहून जास्त नाही, कितीही हुरूप आला तरी नाही.

तिसरा व चौथा आठवडा : एका वेळी वीस मिनिटे सलग, त्याच चालीने.

पाचवा व सहावा आठवडा : पाच मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे झाले की एक मिनिट झपझप, दोन मिनिटे सावकाश, अशा पाच पाळ्या. शेवटी पाच मिनिटे सावकाश.

सातवा ते नववा आठवडा : दोन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश, अशा चार ते पाच पाळ्या. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे आहेतच.

दहावा ते बारावा आठवडा : तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश, पाच पाळ्या.

पाचव्या आठवड्यापासून हे आठवड्यातून चार दिवस करावे, लागोपाठ चारही दिवस नको. घड्याळ नसेल तर विजेचे खांब मोजावेत. आज इतक्या खांबांपर्यंत झपझप, पुढे तितकेच सावकाश. एखादा टप्पा जड गेला तर तोच टप्पा आणखी एक आठवडा करावा. तेथे कोणी नंबर लावीत नाही.

चालून आल्यावर एकदम बाजेवर बसू नये. पायांत उतरलेले रक्त एकदम वर येत नाही, भोवळ येते. म्हणून शेवटची पाच मिनिटे चुकवू नयेत.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस ताकदीचे काम. चार कामे पुरेत : हात न टेकता खुर्चीवरून वा बाजेवरून उठणे-बसणे, भिंतीला दोन्ही हातांनी रेटा देणे, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, आणि दोन हातांत पाण्याचे सारख्या वजनाचे दोन लहान कॅन घेऊन अंगणात चकरा. प्रत्येक आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती, असे दोनदा. वजन उचलताना श्वास कोंडू नये. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो. गोणी उचलतानाही हाच नियम. पासष्टीपुढच्यांनी रोज भिंतीजवळ एका पायावर थोडा वेळ उभे राहण्याचा सराव करावा, म्हणजे ओल्या बांधावर पाय घसरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्लाही याच बेताचा आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा.

योगासनांचे काय?

हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. आपल्या खानदेशाचा यात मान आहे. स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत शिकवीत आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आसनांनी रक्तदाबावर काय परिणाम होतो हे केवळ श्रद्धेवर न सोडता यंत्र लावून मोजायचे, ही रीत त्यांनी पाडली. ही मोजण्याची रीत आपणही घ्यावी.

त्या रीतीने पाहिले तर काय दिसते? आपल्या देशात चोवीस रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित उपचारक्रमाचा प्रयोग झाला. २०२० च्या अहवालात असे आले, की योग करणाऱ्यांना अधिक बरे वाटले, नेहमीच्या कामाला ते अधिक चांगले लागले. पुन्हा झटका वा मृत्यू यांत मात्र नक्की म्हणावा असा फरक दिसला नाही. आणि डॅलसच्या प्रयोगात जो गट फक्त योग, तोल व हलक्या ताकदीचे व्यायाम करीत होता, त्याच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाला नाही. म्हणून आमचे सांगणे : प्राणायाम व आसने अवश्य करावीत, त्यांनी मन शांत व सांधे मोकळे राहतात. पण त्यांना झपझप चालण्याचा पर्याय समजू नये. दोन्ही करावे.

सावधगिरी

पुढील सभासदांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळीची चाल सुरू करू नये : ज्यांना पूर्वी झटका आला आहे किंवा नळी बसविली आहे, चालताना छातीत दुखते, अकारण दम लागतो किंवा भोवळ येते, पायांवर सूज येते, मधुमेह आहे, तसेच ज्यांनी वर्षानुवर्षे रक्तदाब मोजलेलाच नाही. वरचा दाब १८० किंवा खालचा ११० असेल तर आधी औषधाने दाब उतरवावा, मग व्यायाम.

मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम सुटला तर खावी. आपल्या कारखान्याची साखर अशा वेळी औषध होते, एरवी त्यांनी ती टाळलेलीच बरी.

पौष-माघात पहाटेच्या कडक थंडीत निघू नये, ऊन पडू द्यावे. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात. शिवाय अंधारात उसाच्या फडाकडेने एकट्याने चालणे बिबट्यामुळेही धोक्याचे आहे. फाल्गुनापासून उलट, उन्हे चढण्यापूर्वी परत यावे. रात्रभर बारे धरले असेल त्या दिवशी व्यायाम नको, झोप घ्यावी. विडी-तंबाखू चालू ठेवून व्यायाम करणे म्हणजे फुटक्या पाटाने पाणी देणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीच्या मध्यभागी दडपण, दुखणे डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, थंड घाम, मळमळ, एकाएकी दम, यांपैकी काहीही झाले आणि थांबूनही चार-पाच मिनिटांत गेले नाही, तर पित्त समजू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. स्वतः मोटारसायकल चालवीत जाऊ नये. बायकांना छातीत न दुखता नुसता विलक्षण थकवा, मळमळ किंवा पाठदुखी असे होऊ शकते आणि घरचे लोक तिकडे दुर्लक्ष करतात. एक सभासद भगिनी आम्हाला म्हणाल्या, "दम लागस, पन सांगाले लाज वाटस." ताई, यात लाज कसली? दम लागतो हे सांगणे म्हणजे उसाला कांडीकिड लागली हे वेळेवर कळविण्यासारखे आहे. वेळेवर कळले तर उपाय असतो.

भगिनींसाठी आणखी एक सांगणे. घरकाम पुष्कळ होते, पण त्यातही तीच अडचण, उसंत नाही आणि सलग चाल नाही. एकटीने रस्त्यावर चालायला संकोच वाटत असेल तर चार जणींनी मिळून देवदर्शनाला पायी जावे, वाटेत खांब मोजावेत. कोणी काही म्हणत नाही.

नानांचे पुढे काय झाले

नानांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, पट्ट्यावर चालवून पाहिले आणि वरच्यासारखाच पण आणखी हळू कार्यक्रम लिहून दिला. नाना रोज सामोड्याच्या रस्त्याला चालतात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत ते थकत. आता पाऊण तास चालतात, मध्ये एक मिनिटाच्या झपझप पाळ्या घेतात. आम्हीही त्यांच्यासोबत आठवड्यातून तीन दिवस असतो, आणि देशशिरवाड्याची ती चारी आता आम्हाला जाणवत नाही.

गडाचे उत्तर मात्र डॉक्टरांनी स्पष्ट दिले. या चैत्रात उन्हातून, घाटातून पायी जायचे नाही. गाडीने जावे, आणि गडावरच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या न चढता ट्रॉलीने वर जावे. नाना दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. तिसाव्या वर्षी जे सोडलं, ते चौसष्टाव्या वर्षी एका दिवसात कसं परत मिळेल? पण मुलांना सांगा, सोडू नका." पायी जाणाऱ्या दिंडीला निरोप द्यायला ते शेलबारीच्या पायथ्यापर्यंत येणार आहेत.

ज्या सभासदांना डॉक्टरांची हरकत नाही आणि चैत्रात पायी जायचे आहे, त्यांनी बारा आठवड्यांचा कार्यक्रम आजच धरावा. तेराव्या आठवड्यापासून आठवड्यात एक दिवस लांब चाल ठेवावी, दर खेपेला एक-दोन किलोमीटर वाढवीत जावे, आणि चढाची सवय करावी. निघण्यापूर्वीचे चार-पाच दिवस हलके ठेवावेत. तोडणीपूर्वी उसाचे पाणी आपण तोडतोच की नाही?

येत्या सोमवारपासून दर सोमवार, बुधवार व शुक्रवार सकाळी ऊन पडल्यावर आम्ही पिंपळनेर गट कार्यालयापासून चालावयास निघतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापला रक्तदाब गावातील आरोग्य केंद्रात मोजून, आकडा चिठ्ठीवर लिहून यावे. चिठ्ठी नसेल त्यांना आम्ही पहिले दोन आठवडे सावकाशच चालवू, कोणी रागावू नये. ऊस नोंदीचे काम असल्यास तेही चालता चालता सांगितले तरी चालेल.



आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी